बांगड्या भरल्या त्या दुपारी

शाळेत त्याचं चित्र लावलं आहे. चित्रात त्याला झुपकेदार मिशा आहेत आणि तो लांब कुठंतरी टक लावून पाहतो आहे. त्याला मिशा नव्हत्या. लांबचं तर त्याला दिसतच नसे, डोळे बारीक करून बघायचा. हे मी एकदा मास्तरांना सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "आजी, हुतात्म्याचं चित्र असंच काढायचं असतं." असेल बाई. झेंड्याच्या दिवशी मला बोलावतात, खांद्यावर शाल टाकतात आणि दोन शब्द सांगा म्हणतात. मी दोनच सांगते. त्या दिवशी काय काय झालं ते मला ठाऊक आहे, पण मी केलं ते का केलं आणि ते बरं होतं की वाईट, याचा उलगडा मला या वयातही झालेला नाही. दोन शब्दांत मावणारं ते नाहीच, म्हणून लिहून बघते.

माझं माहेर नगरकडचं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी हद्दीतलं. तिथं मुलींची मराठी शाळा होती, तीत मी चार यत्ता शिकले. लग्न होऊन आले ती शिरूर कासारच्या बाजूच्या एका खेड्यात, निजामाच्या राज्यात. माहेरची माणसं या मुलखाला मोगलाई म्हणत, आणि "पोरगी मोगलाईत दिली" हे सांगताना आवाज खाली आणत. इथं शाळा उर्दू, कचेरीतले कागद उर्दू. माझ्या चार यत्तांचा उपयोग गाठोड्यावर नाव घालण्यापुरता.

आम्ही कासार. माझ्या नवऱ्याला ऐन उमेदीत डोळ्यांनी दगा दिला, आणि गावोगावची फेरी माझ्या गळ्यात पडली. खांद्यावर दोरीत ओवलेली बांगड्यांची माळ, काखेत गाठोडं, आणि पायांखाली आठ-दहा गावं. सासूनं मला धंद्याचे नेम आधी शिकवले आणि बांगडी चढवताना हात कसा दाबायचा ते मागून. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. भरून झाल्यावर बाई वाकून नमस्कार करते, मग ती आपल्याहून थोरली असो की पाटलाची असो, तिला अखंड सौभाग्याचा आशीर्वाद द्यायचा. आणि नवरा नसलेल्या बाईच्या हातात बांगडी भरायची नाही. हा शेवटचा नेम सासूनं शिकवलासुद्धा नाही. चुलीत हात घालू नये हे कुणी शिकवतं का?

चित्रातला तो आमच्यापासून दोन कोसांवरच्या गावचा. घरची शेती बरी होती, वडील वारलेले, घरात आई, हा आणि ह्याची बायको. आमच्या माहेराकडच्याच कुठल्याशा शाळेत सात यत्ता शिकून आला होता आणि तिथून येताना डोक्यात काहीतरी घेऊन आला होता. देवळाच्या ओट्यावर तो लोकांना चोरून आणलेलं वर्तमानपत्र वाचून दाखवी. मी इंग्रजी हद्दीतली म्हणून त्याला माझं भारी अप्रूप. मी त्याच्या बायकोला बांगड्या भरत असले की दारात येऊन उभा राही.

"बाई, तुमच्याकडं निवडणूक झाली म्हनं. कशी असती?"

"मला काय ठावं, दादा. आमचं वडील बघाया गेलते. आल्यावर म्हनले, गूळपानी चांगलं होतं."

त्यावर तो इतका हसला की आतून त्याची आई ओरडली. मग म्हणाला, "तेवढं तरी हाय तुमच्याकडं. आमी आता जबाबदार राज्यपद्धती मागनार हाय."

हे दोन शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले. ते काय असतं असं विचारलं, तर म्हणाला, राजानं लोकांना जाब द्यायचा. कर का घेतला, मारलं का, शाळा मराठी का नाही, ते सगळं लोकांनी निवडलेल्या माणसांनी त्याला विचारायचं.

मी म्हटलं, "सासूला मी आजवर कायबी इचारलं न्हाई, अन् तुमी राजाला इचारनार?"

बायकोकडं बघून म्हणाला, "बघ, खरी अडचन हिनं सांगितली." त्याची बायको मान खाली घालून हसली. कासारणीला बायकांची तोंडं फारशी आठवत नाहीत, हात आठवतात. तिचे हात मऊ होते, अंगठ्याचं हाड लवचीक. बांगडी अशी सरकायची की मलाच बरं वाटे.

पुढं त्यानं ठरवलं की बाजाराच्या दिवशी बाजारगावात जाऊन मागणी मोठ्यानं म्हणायची आणि अटक करून घ्यायची. त्याच्याबरोबर पाच जण होते. घरी बायकोनं ओवाळलं. आईला हे काही पसंत नव्हतं, पण ल्योक ऐकेना तेव्हा तिनं आपल्या परीनं बंदोबस्त केला. आदल्या दिवशी मला निरोप आला, 'उद्या दुपारी या आणि सूनबाईला नवा हिरवा चुडा भरून जा.' तिकडे तो पोलिसांपुढं उभा राहील तेव्हा इकडे बायकोचे हात भरलेले असावेत, म्हणजे त्याला काही होणार नाही, असा तिचा हिशेब. मला तो हिशेब तेव्हा अगदी बरोबर वाटला, आणि खोटं कशाला सांगू, त्यावर तर माझं पोट होतं.

सकाळी मी बाजारातच बसले होते. माझ्या शेजारी नेहमीचा बागवान, पेरूची पाटी घेऊन. तो सायकलवरून गावोगाव फळं विकायचा. आमच्या गोष्टी चालल्या असतानाच ते सहा जण वेशीतून आले. सगळ्यांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या. त्यांनी काय घोषणा दिल्या त्या आता शाळेत पाठ म्हणून घेतात, पण मला तेव्हा नीट ऐकूसुद्धा आल्या नाहीत, कारण पलीकडे एक म्हैस सुटली होती आणि लोक तिच्यामागं ओरडत होते.

मग पोलीस आले. पाच जण खाली बसले, बसायचंच ठरलं होतं म्हणे. हा एकटा चालत पुढं गेला. शाळेत सांगतात की तो छाती काढून लाठ्यांना सामोरा गेला. गेला असेल. पण मी बघत होते, आणि त्यानं डोळे बारीक केले होते. लाठी उगारली आहे हे त्याला दिसलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. मी कितीदा तरी डोळे मिटून ते पुन्हा बघितलं आहे, आणि दर वेळी मला वेगळंच दिसतं. पहिला घाव कानाच्या वर बसला. तो खाली बसल्यासारखा झाला आणि आडवा पडला. आडवा पडल्यावर आणखी मारलं.

बाजार उधळला. माझी माळ लोकांच्या पायांखाली गेली, कचकच आवाज झाला. बागवानानं मला दंडाला धरून पाटीमागं ओढलं. "बहन, नक्को देखो," तो म्हणाला. "गया बिचारा." मी तरी पाहिलंच. त्याच्या कानातून रक्त आलं होतं आणि तोंड उघडं होतं. दोघा शिपायांनी उचलून बैलगाडीत टाकलं आणि त्याचंच उपरणं त्याच्या तोंडावर ओढलं. बाकीच्या पाचांना धरून नेलं. त्याची एक वहाण धुळीत राहिली. एक शिपाई बागवानाला विचारायला आला, तर बागवान हात जोडून म्हणाला, "हमने तो कुछ नहीं देखा, हुजूर." मला त्याचा राग आला. मग शिपायानं मला विचारलं, आणि मीही नाही म्हणून मान हलवली.

उरल्यासुरल्या बांगड्या गाठोड्यात बांधून मी त्याच्या गावाची वाट धरली. सांगायलाच निघाले होते. पण वाटेत भेटेल तो वेगळं सांगे. एक म्हणाला, मेला तो दुसराच होता. एक म्हणाला, बेशुद्ध आहे, बीडच्या दवाखान्यात नेला. एक शहाणा म्हणाला, कोणी मेलं-बिलं नाही, आपल्या लोकांचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी डोळ्यांनी पाहून आलेली बाई, आणि दोन कोस चालता चालता मलाच माझा भरवसा वाटेना. उपरणं ऊन लागू नये म्हणूनही टाकत असतील, असं मी मनाला सांगितलं. मग ते उघडं तोंड आठवलं की पाय थांबायचे.

घरात पाट मांडून ठेवला होता. शेजारी पाण्याचा तांब्या, तेलाची वाटी. त्याची आई म्हणाली, "लई उशीर केला. बाजारात काय गडबड झाली म्हनं?"

"झाली थोडी," मी म्हटलं.

"धरलं का त्याला?"

"गाडीत घालून नेलं."

"बरं झालं. चार दिवस बसंल अन् येईल. घ्या, भरा."

तेवढ्यात सून परसातून हात धुऊन आली आणि पाटावर बसली. माझ्याकडं बघितलं नाही, हात पुढं केला. मी मनात म्हटलं, आता सांग. आता सांगितलं नाहीस तर तुझ्यासारखी पापी तूच. आणि मी तिचा हात हातात घेतला, तेलाचं बोट लावलं आणि बांगडी चढवायला लागले. हात गार होता आणि लाकडासारखा ताठ. अंगठा दबेना. नुकतेच गार पाण्यानं हात धुतलेत म्हणून असेल, असं मला वाटलं. तिसरी बांगडी वाढवली. तिची सासू म्हणाली, "असूं दे, असूं दे." मी उजवा हात भरला, डावा भरला.

तिनं वाकून नमस्कार केला. आता आशीर्वाद द्यायचा. सौभाग्याचं नाव मी घेतलं नाही. "सुखी ऱ्हावा," असं काहीतरी मी बोलले आणि गाठोडं उचलून बाहेर पडले. बांधावर येऊन तेलाचे हात मातीत घासले.

त्याला परत कोणी आणलं नाही, जिता नाही आणि मेलेलाही नाही. आठवड्यानं पोलिसांचा अमीन, म्हणजे आताचा फौजदार, गावात आला आणि त्यानं दवंडी दिली. हा इसम मेलेला नाही. त्याला बीडहून पुढं नेताना पालीजवळ तो गाडीतून उडी टाकून पळाला, सरकारी फरारी आहे. घरच्यांनी हजर करावा, नाहीतर जमीन जप्त. आणि जो कोणी तो मेला अशी आवई उठवील त्याला तुरुंग. लोक म्हणाले, मेला. अमीन त्याच्या घरात शिरला, सुनेला पुढं बोलावलं आणि तिच्या हाताकडं बोट दाखवलं. नवा कोरा हिरवा चुडा! नवरा मेलेली बाई असा चुडा भरून बसेल का? हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात ना. तेच कांकण आता खोटं बोलत होतं, आणि ते बोलायला लावणारी मी.

त्याहून वाईट पुढंच होतं. म्हातारीला अमीनाचं म्हणणं पटलं. सगळं गाव तिचा ल्योक मेला म्हणत होतं, एकटं सरकार म्हणत होतं जिता आहे. ती सरकारच्या बाजूची झाली. रोज त्याच्या वाटची भाकर झाकून ठेवायची. सुनेला बांगडी काढू देईना, दहावं करू देईना. म्हणायची, "एवढा मोठा साह्यब कावून खोटं बोलंल?"

आणि एके दिवशी मला चावडीवर बोलावणं आलं.

अमीन सभ्य माणूस होता, मला बसायला घोंगडी दिली. चावडीत गावची माणसं, एका कोपऱ्यात त्याची आई, तिच्यामागं पदराखाली हात घेतलेली सून. अमीन म्हणाला, "चूडियाँ तुमने भरी?" मी हो म्हटलं. कोणत्या दिवशी? बाजारच्या. बाजारातून आल्यावर? हो. त्याला एवढंच हवं होतं. मुन्शीनं लिहून घेतलं. त्या कागदावर सही केली की तो कायमचा फरारी, बायकोला सोडून पळालेला. आणि नाही म्हणावं, तर मेलेल्या माणसाच्या बायकोला जाणूनबुजून चुडा भरणारी कासारीण मी. मग कुठली बाई माझ्यापुढं हात करणार? घरी आंधळा नवरा. इकडे आड, तिकडे विहीर. मी सही करायचं ठरवलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. टाक हातात घेतला होता.

तेव्हा अमीन हसला आणि लोकांकडं वळून म्हणाला, "कासारीन कभी बेवा के हाथ में चूडी नहीं भरती, इतना तो मैं भी जानता हूँ. इसका हाथ झूठ नहीं बोल सकता."

मला का कोण जाणे, पण ती स्तुती सहन झाली नाही. शिवी दिली असती तर मी सही करून उठले असते. टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "मी भरल्या, साह्यब. तो मेल्यावर भरल्या. मी त्याला मरताना बघून आलते. तुमच्या शिपायांनी पडलेल्याला मारलं."

म्हातारी उठली, माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या तोंडात मारली. "खोटारडी! माझा ल्योक जिता हाय. साह्यब सांगतोय." मग साहेबाकडं वळून हात जोडले, "सांगा की हिला." अमीन मुन्शीला एवढंच म्हणाला, हे लिहू नको.

लिहायची गरज उरली नाही. सून उठली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, दचकणंही नव्हतं, त्याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. चावडीच्या पायरीवर बसून तिनं दोन्ही हात दगडावर आपटले. काचा उडाल्या, मनगटातून रक्त आलं. गावातल्या माणसांनी डोक्याचे पटके काढले. साऱ्या गावानं एकदम सुतक धरलं, तेव्हा अमीन कुणाकुणाला तुरुंगात घालणार? दर्भाचा पुतळा करून गावानं त्याला अग्नी दिला. जमीन जप्त झालीच. बीडच्या कागदांत तो अजूनही फरारीच असेल. म्हातारीनं भाकर झाकून ठेवणं मरेपर्यंत सोडलं नाही, आणि त्या म्हातारीचं मी काय केलं, याचा मला अजून पत्ता लागत नाही. अमीनानं तिला एक खोटं दिलं होतं आणि तिला ते पुरत होतं.

मला दोन दिवस चावडीत बसवून ठेवलं आणि सोडलं. पण धंदा संपला. कुठल्याही दारात गेले की आतून आवाज यायचा, आज नको बाई. जे लोक पटके काढून रडले, त्यांच्याच बायका मला बघून दार लोटायच्या, आणि त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. चार महिने काढले. मग आम्ही माहेराकडे जायचं ठरवलं. निजामाचं राज्य गेल्यावर परत आलो, ती गोष्ट निराळी.

निघालो त्या दिवशी त्याच्या गावच्या ओढ्यावर त्याची बायको उभी होती. मोकळे हात, पांढरं कपाळ. गाडीतून मी उतरले, नवऱ्याला घेऊन पुढं हो असं गाडीवाल्याला सांगितलं.

"बाई, एकच इचारते," ती म्हणाली. "तुमी बघून आलत्या. मग कावून भरल्या?"

चार महिने मी ह्याच प्रश्नाची उत्तरं जुळवत होते. भ्याले, लोकांनी गोंधळात टाकलं, म्हातारीपुढं बोलवेना. त्यातलं एकही तिच्यापुढं टिकलं नाही. खरं होतं तेच सांगितलं. "वैनी, तुमी हात फुडं केला. मला वाटलं, तुमाला ठावं न्हाई. तुमच्यापाशी तो अजून जिता हाय. म्हनलं, घडीभर ऱ्हाऊ द्यावा."

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "बागवान तुमच्या आधी सायकलवर आलता. हितंच, ह्या ओढ्यावर. त्यांची वहान देऊन गेला. मी ती गवऱ्यांत लपवली, हात धुतले अन् पाटावर येऊन बसले."

"मग हात कावून फुडं केला, वैनी?"

"तुमी बाजारातनं आल्या अन् कायबी बोलल्या न्हाईत. मला वाटलं, या बाईला अजून कळलं न्हाई. हिच्यापाशी ते अजून जिते हाईत. म्हनलं, भरू द्यावं हिला."

मी तिचा हात धरला. तो मऊ होता. गाडी चढ चढून पार पुढं गेली होती, आणि नवरा दिसत नसलेल्या डोळ्यांनी मागं वळून मला हाका मारत होता. मी तिचा हात सोडला आणि गाडीमागं पळाले.